डॅन्यूबवरचा पूल आणि लखनचं जावळ

जर्मनीहून परत आल्यापासून ओट्यावर रोज एकच प्रश्न विचारला जातो: काय काय पाहिलं? मी खरं ते सांगतो. एक पूल पाहिला. लोक पुढचं ऐकायला थांबतात. पुढे काही येत नाही असं लक्षात आलं की त्यांचा चेहरा पडतो. शेजारचे भिका आप्पा तर मला अगदी हळुवारपणे म्हणाले, "गुरुजी, पूल ते आपला प्रकाशालेबी शे." परदेशात जाऊन माझ्या डोक्यावर काही परिणाम झाला असावा, अशी त्यांना शंका आली होती.

त्यांचं काही चुकलं नाही. प्रकाशा गावचा तापीवरचा पूल मी जन्मभर ओलांडत आलो आणि एकदाही थांबून त्याच्याकडे पाहिलं नाही. पूल ओलांडायचा असतो, पाहायचा नसतो. रेगेन्सबुर्ग नावाच्या त्या जुन्या जर्मन शहरात मात्र लोक पूल पाहायलाच येतात. पलीकडे जातात ते पलीकडून पाहण्यासाठी, आणि परत येतात ते अलीकडून पाहायचं राहून गेलं म्हणून.

त्यातून मी भूगोलाचा शिक्षक. डॅन्यूब नदी जर्मनीत उगम पावते आणि काळ्या समुद्राला मिळते, हे वाक्य निवृत्त होईपर्यंत मी शहादा तालुक्यात शिकवलं. मध्ये धडगावला बदली झाली तेव्हा घाटातल्या जीपमध्ये उलट्या करत वर गेलो आणि तिथेही शिकवलं. तिथल्या एका मुलीने विचारलं होतं, "सर, तुम्ही पाहिली का ती नदी?" मी म्हणालो, नकाशात पाहिली. त्या मुलांच्या डोंगरापलीकडून नर्मदा वाहत होती. नकाशातली नदी हा प्रकार त्यांना काही पटला नाही. आता ती मुलगी कुठे भेटली तर सांगता येईल, म्हणून मी मनातून खूश होतो.

पण आम्ही काही पूल पाहायला गेलो नव्हतो. आम्ही जावळ काढायला गेलो होतो.

निघण्याआधी

आमची मुलगी जयू रेगेन्सबुर्गला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथेच तिने मार्कुसशी लग्न केलं. आमचे जावई बापू उंच, शांत आणि डोक्याने तुळतुळीत आहेत. त्यांचा मुलगा लिओन, त्याला तिसरं वर्ष लागलेलं. माझ्या बायकोच्या, निर्मलाच्या, घशाखाली परकी नावं उतरत नाहीत. तिने पहिल्याच व्हिडिओ कॉलवर लिओनचा लखन करून टाकला आणि पुढे त्यात बदल झाला नाही.

आमच्या घरात मुलाचं जावळ तापीवर काढतात. मूल मामाच्या मांडीवर बसतं, गळा काढून रडतं, न्हावी आपलं काम करतो आणि केस कणकेच्या गोळ्यात घालून नदीत सोडतात. तोवर त्या डोक्याला कात्री लागायची नाही. असं का, हे मी एकदा विचारलं होतं. निर्मलाने उलट विचारलं, "तुमनं जावळ कोठे काढं व्हतं?" मी म्हणालो, तापीवर. "मंग?" ती म्हणाली, आणि तो विषय तिथे मिटला.

पहिल्या वर्षी बाळ लहान म्हणून जयू आली नाही. दुसऱ्या वर्षी नोकरी नवी होती. यंदा रजा नव्हती. तोवर लखनचे केस खांद्याखाली गेले होते. जयू बिचारी त्यांना क्लिपा लावायची, रबर लावायची. बागेत लोक म्हणायचे, किती गोड मुलगी आहे, आणि जयू त्यांचे आभार मानायची. शेवटी निर्मलानेच ठरवलं की पोर येत नाही तर आपण जाऊ. सामानात नारळ, हळदकुंकू, उडदाचे पापड, नंदुरबारची तिखट मिरचीपूड आणि बाटलीत तापीचं पाणी.

विमानात ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं, भीती वाटत असेल. मग ती म्हणाली, "नाव तेसनं, गाव तेसनं, बोली तेसनी. जावळ तरी आपलं ऱ्हावू दे. नहीते तो पोऱ्या आपला कसाना?" मी तिला खाली कोणता समुद्र लागला ते सांगू लागलो. कारण तीच धास्ती मलाही होती, फक्त मी ती भूगोलाच्या गप्पांखाली दाबून ठेवली होती.

म्युनिकच्या विमानतळावर वर्दीतल्या एका माणसाने बाटली वर धरून विचारलं, हे काय? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की पवित्र पाणी आहे. त्याने मान डोलावली आणि बाटली जपून परत ठेवली. त्याच्या चर्चमध्येही असं पाणी असतं म्हणे. नारळाबद्दल मात्र तो काही बोलला नाही, नुसता हलवून पाहिला आणि हसला.

पुलाजवळ

दुसऱ्या दिवशी मार्कुसच्या आई, रेनाटेबाई, आम्हाला शहर दाखवायला आल्या. वय आमच्याएवढंच, केस आखूड, चाल अशी की मला मागून पळावं लागत होतं. निर्मलाने त्यांचीही रेणुकाबाई केली. त्या जर्मनमध्ये बोलायच्या आणि जयू आम्हाला अहिराणीत सांगायची. थोड्या वेळाने मला असं वाटायला लागलं की रेनाटेबाई अहिराणीच बोलतायत आणि आपल्याच कानात काहीतरी दोष आहे.

त्यांचं घर पुलाच्या पलीकडे, जयूचं अलीकडे. जयू कामावर गेली की लखन रोज पूल ओलांडून या आजीकडे जायचा. हे कळलं तेव्हा निर्मलाने माझ्याकडे पाहिलं. नदीला काही न देता पोरगं रोज नदी ओलांडतंय, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

पूल करड्या दगडाचा. बाराव्या शतकातला, असं पाटीवर लिहिलेलं. कमानीमागून कमानी, वर गाड्यांना बंदी, नुसती माणसं आणि सायकली. मधोमध त्याला चांगलं पोक आलेलं आहे, चढ चढून वर जावं लागतं. मागे चर्चचे दोन उंच मनोरे. खाली पाणी मात्र भलतंच चवताळलेलं: कमानींतून सुटलं की भोवरे घेत धावतं. मी मुलांना डॅन्यूब निळी असते असं सांगत आलो होतो. ती हिरवट आहे. इतकी वर्षं कोणी तक्रार केली नाही हे माझं नशीब.

पुलावर एका छोट्या दगडी छपरावर एक उघडाबंब दगडी माणूस बसलेला आहे. कपाळावर आडवा हात धरून तो चर्चकडे टक लावून पाहतो. आमच्या फाट्यावर एसटीची वाट पाहणारी माणसं अशीच उभी असतात. मी तसं म्हणालो, जयूने ते भाषांतर केलं, आणि रेनाटेबाईंनी गंभीरपणे सांगितलं की तो बसची वाट पाहत नाही, चर्चचं काम कुठवर आलं ते पाहतोय. मग त्यांनी गोष्ट सांगितली.

पूल बांधणारा आणि चर्च बांधणारा यांच्यात पैज लागली, कोणाचं काम आधी पुरं होतं. पूलवाला मागे पडला. त्याने सैतानाची मदत मागितली. सैतान म्हणाला, करतो, पण पुलावरून पहिली जी आठ पावलं जातील ती माझी. पूल पुरा झाला. उद्घाटनाला मोठमोठी माणसं जमली. पूलवाल्याने सगळ्यांना थांबवलं आणि आधी एक कोंबडा, एक कोंबडी आणि एक कुत्रा सोडला. आठ पाय झाले. सैतान इतका संतापला की त्याने खालून पुलाला धक्का दिला. पूल पडला नाही, पण मधोमध पोक आलं ते तेव्हापासून.

जयूचं सांगून होईपर्यंत निर्मलाचा चेहरा उजळला होता. विमानतळापासून तिला या देशात एकही गोष्ट ओळखीची दिसली नव्हती.

"कोंबडं दिधं ना?" ती म्हणाली. "मंग बरोबर शे. म्हनीसन उभा शे."

मला आमच्या नाल्यावरचा फरशी पूल आठवला. कोंबडं त्यालाही दिलं होतं. ठेकेदाराने भूमिपूजनाला कापलं आणि संध्याकाळी ठेकेदारानेच खाल्लं. तो पूल दोन पावसाळे टिकला. इथल्या सैतानाला कोंबडा अखंड मिळाला, एवढाच काय तो फरक दिसतो.

पुलाच्या पायथ्याशी, पाण्याला लागून, एक जुनी खानावळ आहे. तिथे निखाऱ्यावर बोटाएवढाली सॉसेजं भाजतात आणि आंबवलेल्या कोबीबरोबर देतात. निर्मला मांस खात नाही. तिने पावाला सोबत आणलेला ठेचा लावून खाल्ला. मी सॉसेज घेतली. त्यांच्यासोबत मोहरीची चटणी येते, ती मी मोठ्या आशेने तोंडात टाकली. ती गोड निघाली. ज्या लोकांनी असला पूल उभा केला त्यांनी मोहरीत साखर का घालावी, हे मला अजून कळलेलं नाही. मी खिशातली मिरचीपूड काढून वर भुरभुरवली. रेनाटेबाईंनी कुतूहलाने आपली ताटली पुढे केली. मी सांभाळून चिमूटभर टाकली. त्यांनी खुणेने आणखी मागितली.

पहिल्या घासाला त्या थांबल्या. डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, समोरचा बिअरचा पेला त्यांनी एका दमात रिकामा केला. मग म्हणाल्या, छान आहे. निर्मला इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. "मानूस चांगली शे याहीनबाई," ती मला म्हणाली. मिरचीपुडीची अर्धी पिशवी तिने तिथेच रेनाटेबाईंच्या पर्समध्ये घातली. दोन विहिणींचं जमलं म्हणून मी निश्चिंत झालो, आणि आमच्याकडे विहिणींचं जमणं किती दिवस टिकतं हे साफ विसरलो.

जयूच्या घरी

त्याच संध्याकाळी निर्मला लखनच्या डोक्याला तेल लावत बसली होती. लखन गुपचूप बसला होता, कारण त्याच्या हातात उडदाचा पापड होता. अचानक तिचा हात थांबला. उजव्या कानामागचे केस तिने बाजूला केले, पुन्हा केले. तिथली एक बट इतर केसांपेक्षा आखूड होती, टोकाशी सरळ कापलेली.

"जयू, आठे कात्री कोनी लावी?"

जयू धावत आली. तिने पाहिलं आणि तिचाही चेहरा उतरला. "नही माय. मी नही लावी. देवाशप्पथ."

मार्कुस स्वयंपाकघरात भांडी धूत होता. त्याला विचारलं तर तो हात पुसत आनंदाने बाहेर आला. हो, आईने कापली की, पहिल्या वाढदिवसाला! आमच्याकडे बाळाची पहिली बट कापून जपून ठेवतात. माझीही आहे तिच्याकडे. हे सगळं त्याने अशा उत्साहाने सांगितलं की जयूला ते थांबवता आलं नाही, आणि वळवूनही सांगता आलं नाही.

निर्मला तेलाची वाटी हातात धरून तशीच बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. आमच्या घरात ओरडण्याचं काही वाटत नाही, गप्प बसण्याचं वाटतं.

"जावळ उष्टं व्हई गयं," ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रेनाटेबाई केक घेऊन आल्या. निर्मला खोलीबाहेर आली नाही. मायचं डोकं दुखतंय, असं जयूने सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्या फुलं घेऊन आल्या, तेव्हाही डोकं दुखत होतं. तेव्हा रेनाटेबाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, मी काहीतरी चुकीचं केलंय, काय ते मला सांगा. जयूने सगळं सांगितलं.

रेनाटेबाईंचे डोळे मोठे झाले. नदीत सोडतात? बाळाचे पहिले केस? असे टाकून देतात? त्यांना ते ऐकवेना. आतल्या खोलीतून निर्मला सगळं ऐकत होती, आणि जयूने तिच्यापुढे भाषांतर केलं तेव्हा ती म्हणाली, "आनि ती डबीमा कोंडी ठेवस! जित्ता पोऱ्याना केस असा कोंडी ठेवतस का?" दोघी आज्यांना एकमेकींचा कळवळा समजत नव्हता, आणि दोघींचीही खात्री झाली होती की समोरच्या बाईला काळीज नाही.

मी शहाण्या माणसाप्रमाणे चपला घातल्या आणि पुलावर फिरायला गेलो. ते दिवस मी बरेचसे पुलावरच काढले. जाऊन त्या दगडी माणसाखाली उभा राहायचो. एका जपानी पर्यटकाने माझा फोटोही काढला. मी त्या पुलाचाच भाग आहे असं त्याला वाटलं असणार. घरी परतलो की जयूचे डोळे सुजलेले असायचे. "नाना," ती मला म्हणाली, "मी दोन वरीस तेन्हा केस सांभाळात. लोके मुलगी म्हनेत, मी आयकी लिधं. कसासाठे? मायसाठे. आनि आते ती मन्हासंगेबी बोलत नही." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पोर आपल्या आईसाठी इतकं करते आणि आई तिच्याकडे पाठ फिरवून बसते, याचा मला राग आला होता, आणि तो मी निर्मलाला बोलूनही दाखवला. तिने ऐकून घेतलं. रात्री जेवताना ती म्हणाली, "जे शे ते काढूत. सकाय."

पुलाच्या मधोमध

जावळ बाल्कनीत निघालं. मामा, म्हणजे आमचा मुलगा, सुरतेला असतो. त्याने आपल्या दुकानात गादीवर मांडी घालून बसून दाखवलं आणि जयूने तो फोन मार्कुसच्या मांडीवर ठेवला. अशा रीतीने लखन मामाच्या मांडीवर बसला. न्हाव्याचा प्रश्न आला तेव्हा मार्कुसने स्वतःचं ट्रिमर आणलं. त्या घरात ट्रिमर रोज चालवणारा माणूस तोच होता, हात चांगला बसलेला. निर्मलाने लखनच्या डोक्यावर तापीचं पाणी शिंपडलं आणि मशीन सुरू झालं. लखनने गळा काढला. नाव जर्मन असो, गाव जर्मन असो, ते रडणं अस्सल शहादा तालुक्यातलं होतं. सुरतेहून मामाही ओरडून सांगत होता, "रड भाचा, रड! मीबी रडना व्हतू!"

बाप आणि लेक आता सारखेच दिसायला लागले. निर्मलाने केस गोळा केले आणि कणकेचे दोन गोळे केले. एक इथल्या नदीत सोडायचा, दुसरा तापीसाठी घरी न्यायचा. रोज ज्या नदीवरून तो जातो तिचं देणं आधी, असं तिचं म्हणणं. नारळही टाकायचा होता, पण पुलाखालून पर्यटकांच्या होड्या जातात. वरून नारळ पडला तर मामला पोलिसांपर्यंत जाईल, हे जयूने समजावलं. तेव्हा नारळ घरीच फोडून खोबरं पदराला बांधून घेतलं.

आम्ही पूल चढून पोकापाशी पोचलो. वारा होता. निर्मला कठड्याशी उभी राहिली, खालचे भोवरे पाहिले आणि मनातल्या मनात काही म्हणू लागली. एवढ्यात पलीकडून रेनाटेबाई येताना दिसल्या. त्यांना जयूने बोलावलं होतं, आम्हाला न विचारता. त्या नेहमीसारख्या झपाझप चालत नव्हत्या. हातात एक चांदीची छोटी डबी होती.

आमच्यासमोर येऊन त्यांनी डबी उघडली. आत दोन बटा होत्या, प्रत्येकीला बारीक रेशमी फीत बांधलेली. एक काळीभोर, दुसरी सोनेरी. सोनेरी मार्कुसची. जावई बापूंच्या डोक्यावरचे जे काही केस या जगात शिल्लक आहेत ते त्या डबीत होते. निर्मलाने ती बट पाहिली, मग जावयाचं चकाकतं डोकं पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

रेनाटेबाईंनी काळी बट काढून निर्मलाच्या तळहातावर ठेवली. त्या काही बोलल्या. जयूचा आवाज भाषांतर करताना घोगरा झाला. "ती म्हनस, हाई नदीनं शे हे मले मालूम नव्हतं. आते तिले दी टाका. अर्धं राखीसन काम अपुरं नको."

निर्मलाने गोळा उघडला. फीत सोडून बट आत ठेवली, पुन्हा कणीक वळली. मी रेनाटेबाईंकडे पाहत होतो. त्या गोळ्याकडे अशा पाहत होत्या की मला नजर वळवावीशी वाटली.  रिकाम्या झालेल्या जागेवर डबीत नुसता अंगठा फिरवत होत्या.

निर्मलानेही ते पाहिलं असणार. तिने हात कठड्याबाहेर नेला, आणि मागे घेतला. गोळा पुन्हा उघडला. कणकेतून ती बट हळूच सोडवली, पदराला पुसली, फीत बांधली आणि रेनाटेबाईंच्या डबीत सोनेरी बटेशेजारी ठेवून झाकण लावलं.

"जयू, तिले सांग," ती म्हणाली. "या पूलनं मानूसना बदली कोंबडावर भागी गयं. चिमूटभर केस कमी पडनात ते नदी काय रुसाव शे?"

"माय, ते कोंबडं सैतानले दिधं व्हतं. नदीले नही."

"कोनलेबी दिधं ऱ्हावो. चालनं ना?"

जयूने सांगितलं. रेनाटेबाईंना आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्यांनी निर्मलाला मिठी मारली. आमच्याकडे विहिणी गळाभेट घेतात ती लग्नात, आधीच ठरलेल्या जागी, फोटोवाल्याकडे तोंड करून. ही तशी नव्हती. मी उगाच चर्चचे मनोरे पाहू लागलो.

गोळा खाली गेला. भोवऱ्याने त्याला एक गिरकी दिली आणि नेलं. निर्मलाने हात जोडले, तेवढ्यात मागून सायकलची घंटी वाजली. एक म्हातारे गृहस्थ उतरून रागाने काही विचारत होते. नदीत काय टाकलं, पुलावरून असं टाकता येत नाही, वगैरे. मी जयूच्या मागे सरकलो. जर्मनीत नियम मोडल्यावर काय होतं याबद्दल मी पुष्कळ ऐकून होतो. पण रेनाटेबाई पुढे झाल्या आणि त्यांनी त्या गृहस्थांना एका वाक्यात असं काही सांगितलं की ते टोपीला हात लावून निघून गेले.

"काय म्हनी ती?" निर्मलाने विचारलं.

"म्हने, पीठ शे, मासा खातीन," जयू म्हणाली. "आनि म्हने, हाई आमना घरनं काम शे."

 निर्मलाने पदराची गाठ सोडून खोबऱ्याचा पहिला तुकडा रेनाटेबाईंच्या हातावर ठेवला, दुसरा लखनच्या. बोडका लखन पुलावरून पुढे पळत सुटला आणि दोन्ही आज्या त्याच्यामागे धावल्या, एक लखन म्हणून ओरडत आणि एक लिओन म्हणून. तो दोन्ही नावांना थांबला नाही.

तापी

परत आल्यावर आम्ही प्रकाशाला गेलो. निर्मलाने घाटाच्या पायऱ्यांवर बसून दुसरा गोळा तापीत सोडला. पाणी संथ होतं, गोळा लगेच बुडाला. मी तिला सांगितलं की ही नदी अरबी समुद्राला मिळते आणि ती काळ्या समुद्राला. ती म्हणाली, मिळू द्या. येताना मी पहिल्यांदा त्या पुलाखाली उतरून त्याच्याकडे नीट पाहिलं. बरा आहे.

हे सगळं मी ओट्यावर सांगत नाही. तिथे एक पूल पाहिला एवढंच सांगतो. भिका आप्पा आता मला फारसं विचारत नाहीत.

परवा त्यांची सून आमच्याकडे आली होती. जाताना तिला कुंकू लावायचं म्हणून निर्मलाने स्वयंपाकघरातून मला हाक मारली, देव्हाऱ्यातला करंडा आणा. मी आणला. वरचं झाकण सैल होतं, हातातच उघडलं. आत कुंकवाच्या कडेला, लाल दोऱ्याने बांधलेली, काळ्या केसांची एक बारीक बट होती.

मी तिला बोट लावलं. फार मऊ होती. मला तो मुलगा तिथेच, त्या क्षणी, जवळ हवासा वाटला.

निर्मला दारात उभी होती. तिने माझ्या हातातून करंडा घेतला, झाकण दाबून बसवलं आणि बाहेरच्या सुनेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "याहीनबाईले सांगू नका हं. नहीते ती म्हनी, मन्हं देखीसन करं."